हौद्याचा हेलकावा

हौदा म्हटला की आपल्याला हत्ती आठवतो. शब्द मात्र मूळचा उंटाचा. अरबीत 'हौदज' म्हणजे उंटाच्या पाठीवर बांधलेली, वरून कापड सोडलेली बायकांची डोली. फारसी-हिंदीची वाट चालत तो आपल्याकडे आला आणि हत्तीवर चढला. वर छत असेल तर आपण तिला अंबारी म्हणू लागलो.

उंटावर बसलेल्याला इतके हेलकावे का बसतात? घोडा दुडक्या चालीत तिरपे पाय जोडीनं टाकतो, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा. उंट एकाच बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम उचलतो. लांबलचक पाय एकमेकांत अडकू नयेत यासाठी ही चाल सोयीची. पण त्यात धड एकदा डावीकडे झुकतं, एकदा उजवीकडे, आणि बसणारा जितका उंच तितका त्याचा झोका मोठा. त्यावर जुना तोडगा म्हणजे कजावा: उंटाच्या दोन्ही अंगांना एकेक पाळणा, दोन्हींत सारखं वजन. एकच प्रवासी असेल तर पलीकडे तेवढंच सामान.

1916 साली सिनाईच्या वाळूत ब्रिटिश फौजेनं जखमींना असंच नेलं. उंट उठताना आधी मागचे पाय ताठ करतो, त्यामुळे माणूस पुढे फेकला जातो. हाड मोडलेल्या सैनिकाचं त्या क्षणी काय होत असेल, याचा विचारही करवत नाही. या प्रवासाची सैनिकांना धास्तीच असे.

युरोपात वेगळी रीत होती. दोन लांब दांडे, एक घोडा पुढे, एक मागे, मध्ये डोली. इथली अडचण मला सगळ्यात रोचक वाटते. स्ट्रेचर उचलणाऱ्या माणसांना मुद्दाम उलट पाय टाकायला शिकवतात; पुढचा डाव्यानं निघाला तर मागचा उजव्यानं. मग झोका वाढत नाही. आपले भोईसुद्धा एकमेकांना हाका देत पावलं जुळवत. घोड्यांना हे कोण सांगणार? शिवाय मागच्याच्या डोळ्यांपुढे डोलीच असते, पायाखालचा खड्डा त्याला दिसत नाही. म्हणून खडकाळ वाटेवर खात्रीनं पाय टाकणारी खेचरं लोकांना जास्त भरवशाची वाटत. इराणातली 'तख्त-ए-रवान', म्हणजे चालतं तख्त, बहुधा खेचरं वाहत.

8 जुलै 1709 रोजी रशियाविरुद्धच्या पोल्ताव्याच्या लढाईत स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स अशाच डोलीत होता, कारण काही दिवसांपूर्वी त्याच्या पायाला गोळी लागली होती. तोफेच्या माऱ्यात डोली फुटली, आणि तसल्या पायानिशी त्याला घोड्यावर बसवावं लागलं.