लेडचं पेट्रोल गेलं, पण शिसं मातीतच आहे

आपल्याकडं बेळगाव, निपाणी, संकेश्वर भागात एक गोष्ट कित्येक वर्षं ऐकतोय, की लेडवालं, म्हणजे शिसं मिसळलेलं पेट्रोल बंद झालं तेव्हाच रोडकडेच्या मातीतलं शिसं संपलं, राहिलंसाहिलं पावसानं धुऊन नेलं. हे खरं नाही बघा.

तसलं पेट्रोल बंद झालं हे बरोबर, फेब्रुवारी २००० पासून देशभर. पण शिसं म्हणजे काय पालापाचोळा नाही कुजून जायला, ते धातू आहे, मातीच्या चिकट कणांना आणि सेंद्रिय भागाला धरून वरच्या थरातच बसतं, पावसानं फार खाली जात नाही. म्हणजे जुन्या एनएच ४ च्या, आताच्या ४८ च्या कडेला तेव्हा गाड्यांच्या धुरातून जे पडलं त्यातलं बरंचसं अजून तिथंच असणार.

आणि मातीत असले धातू यायला धूर हे एकच कारण नव्हतंच. टायर झिजतो त्यातून जस्त येतं, कारण रबर पक्कं करायला झिंक ऑक्साइड घालतात, ब्रेक पॅडमधून तांबं आणि अँटिमनी नावाचा धातू. इलेक्ट्रिक गाडीलाही टायर आहेतच की!

घाबरून शेती सोडा असं मुळीच म्हणत नाही. रस्त्यापासून जसं लांब जाल तसं प्रमाण झपाट्यानं कमी होतं. मेथी, शेपू, कोथिंबीर अगदी कडेला लावू नका, तिथं झाडांची नाहीतर गवताची पट्टी ठेवा. पाल्यावर धूळ बसते ती भाजी दोन-तीन पाण्यांनी धुवा, आणि लहान पोरांना त्या मातीत खेळून तसंच जेवायला बसवू नका, पोरांच्या मेंदूला शिसं फार वाईट.