बाळाशी गप्पा, चित्रांची पुस्तकं आणि '३ कोटी शब्दां'चा घोळ

बाळाला मांडीवर घ्या, पुस्तक दाखवा, भरपूर बोला हे आता कुठलाही मुलांचा डॉक्टर सांगतो. इंग्लंड-अमेरिकेत मात्र बरीच वर्षं वाचन म्हणजे शाळेचं काम असाच समज होता. १९८८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका प्रयोगात दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना सांगितलं की नुसतं वाचून दाखवू नका, "हे काय चाललंय?" असं विचारा आणि पोराला बोलू द्या, तर महिन्याभरातच त्या मुलांच्या बोलण्यात फरक दिसला. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला नवव्या महिन्याच्या तपासणीच्या वेळी ३०० बाळांच्या घरच्यांना पुस्तकाची पिशवी दिली गेली आणि तिथून ही योजना देशभर पसरली.

पण गाजला तो अमेरिकेतल्या कॅन्ससचा अभ्यास. ४२ कुटुंबं, महिन्यातून एक तास कुणीतरी टेपरेकॉर्डर घेऊन घरात बसणार, मूल तीन वर्षांचं होईपर्यंत. शिकल्या-सवरलेल्या नोकरदारांच्या मुलाच्या कानावर तासाला साधारण २,१०० शब्द, सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरात ६०० च्या आसपास. मग हा फरक चार वर्षांना गुणून '३ कोटी शब्दांची दरी' काढली. म्हणजे ३ कोटी कुणी मोजलेलेच नाहीत, तो गुणाकार आहे, आणि मदतीवरची कुटुंबं होती फक्त सहा! या अभ्यासाचं पुस्तक १९९५ चं, आकडा मात्र २००३ नंतर सुटला तो धोरणांच्या कागदांपर्यंत गेला, एका शहरात तर मुलांच्या बंडीच्या खिशात शब्द मोजायचं यंत्र घालायला लागले. सगळा रोख गरीब आयांवर, त्या बोलतच नाहीत म्हणून. मला हे फार अन्यायाचं वाटतं, कारण घरात अनोळखी माणूस टिपणं काढत बसला तर कुठली आई मोकळी बोलेल?

२०१८ च्या सुमाराला अमेरिकेतल्या दुसऱ्या पाच वस्त्यांमधल्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा तशी सरळ दरी दिसेना. शिवाय आजी, काका, मोठी भावंडं आजूबाजूला बोलतात तेही धरलं की आकडे बरेच वाढत होते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्यातल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. त्यावर ही दरी मानणाऱ्यांचं म्हणणं असं की नुसतं कानावर पडलेलं बोलणं लहान मुलाला तितकं उपयोगी पडत नाही, आणि तेही खोटं नाही. त्याच वर्षी मेंदूच्या स्कॅनवरून दिसलं की शब्दांच्या ढिगापेक्षा मूल बोललं, मोठ्या माणसानं उत्तर दिलं, मूल परत बोललं अशा देवाणघेवाणीचा भाषेच्या भागाशी जास्त संबंध आहे. १९८८ च्या प्रयोगात पालकांना हेच तर करायला सांगितलं होतं.

वाचनाची गोडी लागते का हा प्रश्न या मोजामोजीत मागेच पडला. ब्रिटनमध्ये २०१० च्या डिसेंबरात पुस्तकांच्या पिशवीचं इंग्लंडमधलं सगळं अनुदान बंद करायचं जाहीर झालं, ओरड झाल्यावर निर्णय फिरवला, पण पैसे कापलेच. २०२४ मध्ये तिथल्या ८ ते १८ वयाच्या मुलांत फावल्या वेळात वाचायला आवडतं म्हणणारी साधारण तिघांत एकच निघाली, २००५ पासूनचा तोवरचा सगळ्यात कमी आकडा.