लव्ह कॅनॉलचे उंदीर

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातल्या ‘लव्ह कॅनॉल’चा प्रेमाशी काही संबंध नाही. लव्ह हे आडनाव. विल्यम लव्ह या गृहस्थाने 1890च्या दशकात वीजनिर्मितीसाठी कालवा खणायला घेतला, मंदी आली, पैसा आटला आणि मागे उरला एक अर्धवट चर. 1942 ते 1953 या काळात हूकर या रसायन कंपनीने त्यात सुमारे 21 हजार टन रासायनिक कचरा ओतला, वर माती लोटली आणि ती जागा शाळा मंडळाला 1 डॉलरला विकली. पुढे काही झालं तर कंपनी जबाबदार नाही, हेही खरेदीखतात लिहून घेतलं! तिथे शाळा झाली, भोवती घरं झाली. मुलं तिथले दगड जमिनीवर आपटून ठिणग्या काढायची. तो फॉस्फरस होता.

सत्तरच्या दशकात घरांच्या तळघरांत काळा गाळ झिरपू लागला. 1978मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि कालव्यालगतची कुटुंबं हलवली गेली. बाकीच्यांचं काय, हा वाद मात्र चिघळला. गर्भपात होतायत, बाळांमध्ये जन्मजात व्यंगं दिसतायत, असं रहिवासी सांगत होते. हे या कचऱ्यामुळेच कशावरून, असा उलट सवाल होता. 1980मध्ये 36 रहिवाशांची गुणसूत्रं तपासली, 11 जणांत दोष निघाले. पण तुलनेसाठी दुसरा गटच घेतला नव्हता, त्यामुळे त्या पाहणीवर सडकून टीका झाली.

इथे व्होल कामाला आले. व्होल म्हणजे आखूड शेपटीचा, गुबगुबीत रानउंदीर. बिळात राहतो, तिथलंच गवत खातो, जन्म झाला तिथून फार लांब जात नाही. शिवाय तो सिगारेट ओढत नाही, कारखान्यात कामाला जात नाही, नुकसानभरपाईही मागत नाही. माणसांच्या बाबतीत काढल्या जाणाऱ्या सगळ्या शंका इथे एका झटक्यात गळून पडतात.

संशोधकांनी कालव्यालगत, जरा पलीकडे आणि तुलनेसाठी लांबच्या जागी असे व्होल पकडले. 1983मध्ये निष्कर्ष छापून आले. अंगावरचं दूध सुटल्यावर लांबचे व्होल सरासरी 48.8 दिवस जगत होते, पलीकडचे 29.2 आणि कालव्यालगतचे फक्त 23.6. म्हणजे आयुष्य निम्म्याहून कमी. संख्याही कालव्याजवळ सगळ्यात विरळ. लगतच्या माद्यांची यकृतं वजनाला हलकी भरली, नरांच्या वीर्यकोशांचंही तेच. कालव्याकडच्या व्होलांच्या शरीरात लिंडेन या कीटकनाशकाच्या कुळातली रसायनं सापडली. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल, ती बीएचसी पावडर याच कुळातली.

माणसांच्या आजारांवरचा वाद यानेही मिटला नाही. उंदीर तो उंदीर, असं म्हणायला वाव होताच. 1990च्या दशकात उत्तरेकडची काही घरं डागडुजी करून ‘ब्लॅक क्रीक व्हिलेज’ या नव्या नावाने विकलीही गेली. कचरा अजून तिथेच आहे, मातीच्या थराखाली, कुंपणाच्या आत.