पॅरासिटामॉलचे विष यकृतातच का तयार होते?

१८८६ साली स्ट्रासबुर्गमध्ये आर्नोल्ड कान आणि पाउल हेप हे दोन डॉक्टर जंत झालेल्या रुग्णाला नॅप्थलीन देऊन पाहत होते. औषधालयातून चुकून दुसरेच काहीतरी आले. जंत तसेच राहिले, ताप मात्र झपाट्याने उतरला. ते चुकून आलेले द्रव्य होते ॲसिटॅनिलाइड. लवकरच ते तापावरचे औषध म्हणून विकले जाऊ लागले. पण ते घेणाऱ्या काहींचे ओठ आणि नखे निळी पडत, कारण रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होई.

पॅरासिटामॉल तेव्हा अस्तित्वात होते. हार्मन मोर्स यांनी ते तयार करून १८७८ मध्ये तशी नोंद प्रसिद्धही केली होती. १८९३ मध्ये योझेफ फॉन मेरिंग यांनी ते रुग्णांना दिले, पण त्यानेही हिमोग्लोबिन बिघडते असा निष्कर्ष काढला. त्यांच्या नमुन्यात भेसळ असावी, असे आज मानले जाते. त्या एका निष्कर्षामुळे चांगले औषध पन्नासेक वर्षे अडगळीत पडले.

ते बाहेर काढले बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस ॲक्सलरॉड यांनी, १९४८ मध्ये. ॲसिटॅनिलाइड पोटात गेल्यावर शरीर त्याचे बहुतांशी पॅरासिटामॉल करते आणि गुण येतो तो त्याचाच, हे त्यांनी दाखवले. थोड्या भागाचे ॲनिलीन हे विषारी द्रव्य बनते आणि नखे निळी पडतात ती त्यामुळे. मग थेट पॅरासिटामॉलच का देऊ नये? १९५०च्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ते बाजारात आले. ॲस्पिरिनसारखा पोटाला त्रास नाही, म्हणून ते घरोघरी पोहोचले.

वेदना ते नेमके कसे शमवते, याचे उत्तर अजूनही पूर्ण नाही. प्रोस्टाग्लँडिन ही वेदना आणि ताप वाढवणारी द्रव्ये बनवणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) ते मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत आवर घालते, असे दिसते. सूज आलेल्या जागी त्याचा प्रभाव फारसा पडत नाही, तो बहुधा त्यामुळेच.

१९६६ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृत नष्ट झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. कारण उलगडले १९७३ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून. नेहमीच्या मात्रेतले बहुतेक पॅरासिटामॉल यकृत ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून निरुपद्रवी करते आणि लघवीवाटे बाहेर टाकते. पाच ते दहा टक्के भाग मात्र यकृतातल्याच सायटोक्रोम पी-४५० या विकरांच्या हाती लागतो आणि त्यातून एक अतिशय आक्रमक रेणू बनतो. त्याचे संक्षिप्त नाव एनएपीक्यूआय. यकृतातले ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याला तिथल्या तिथे निष्प्रभ करते. मात्रा वाढली की सल्फेटचा मार्ग तुंबतो, एनएपीक्यूआय वाढते आणि ग्लुटाथायोनचा साठा संपत जातो. मग तो रेणू पेशींच्या प्रथिनांनाच चिकटतो, पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया निकामी होतात आणि पेशी मरतात. म्हणजे ॲसिटॅनिलाइडचीच गोष्ट इथे पुन्हा घडते: गोळीपेक्षा शरीर तिचे काय करते, यावर सारे ठरते. उपासमार झालेल्या किंवा रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाचा ग्लुटाथायोनचा साठा मुळातच कमी असतो, म्हणून त्याला धोका लवकर.

मला यातली सर्वांत भयंकर वाटते ती पहिल्या दिवसाची शांतता. थोडी मळमळ, कधी तेवढीही नाही. यकृताची हानी शिगेला पोहोचते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि तोवर माणूस आपण वाचलो असे समजून घरीच बसलेला असू शकतो.

ग्लुटाथायोन पेशीत सहजी शिरत नाही, म्हणून त्याचा कच्चा माल पुरवायचा हा उपाय निघाला. एडिनबरोच्या लॉरी प्रेस्कॉट यांनी १९७०च्या दशकात त्यासाठी एन-ॲसिटिलसिस्टीन शिरेवाटे दिले. तोवर ते छातीतला कफ पातळ करण्यासाठी वापरात होते! आठ तासांच्या आत दिले तर यकृत जवळजवळ नेहमीच वाचते, नंतर दर तासागणिक खात्री कमी होत जाते. त्यामुळे रुग्णाला काहीही त्रास होत नसला तरी डॉक्टर गोळ्या किती वाजता घेतल्या हे आधी विचारतात, आणि चार तास उलटले की रक्तातले प्रमाण तपासून किती तासांनी किती प्रमाण धोक्याचे हे दाखवणाऱ्या, १९७५ पासून वापरात असलेल्या आलेखावर ताडून पाहतात.