टीआरपीव्ही-१ : तिखटाच्या ग्राहीची रचना आणि सक्रियण

वेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशींच्या पटलावरील आयनवाहिनी प्रथिन, म्हणजे विद्युतभारित कणांना पेशीत शिरू देणारे दार. सुमारे ४३° से.च्या वरची उष्णता, आम्ल आणि मिरचीतील कॅप्सायसिन या तिन्हींनी ते उघडते. गोव्यातल्या काणकोणची खोला मिरची वाटून केलेल्या गरम हुमणाच्या (माशाच्या आमटीच्या) एका घासात तिन्ही असतात : आच, आमसोलांची आंबट चव आणि तिखट. मेंदूला मात्र ‘भाजले’ एवढाच संदेश जातो.

याचे जनुक १९९७ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडले. उंदराच्या प्रथिनाची रचना २०१३ मध्ये शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंत (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) उलगडली, आणि चालू-बंद होण्याची खरी रीत तेव्हा दिसली. चार एकसारख्या साखळ्या एका छिद्राभोवती उभ्या असतात. प्रत्येक साखळी पटलातून सहा वेळा आरपार जाते, म्हणजे तिच्या सहा उभ्या दांड्या होतात. छिद्राला दोन दारे : बाहेरच्या बाजूला ग्लायसिन ६४३पाशी, आत आयसोल्युसिन ६७९पाशी (ही अमिनो आम्ले, आकडा साखळीतला त्यांचा क्रमांक).

कळीचा भाग म्हणजे चौथ्या दांडीला पाचवीशी जोडणारा आडवा दुवा. त्याच्या शेजारच्या खिशात विश्रांतीच्या वेळी पटलातलाच एक मेदरेणू बसलेला असतो. कॅप्सायसिन त्याला हुसकून तिथे बसतो, शेपूट वर आणि डोके खाली. डोके आडव्या दुव्याला धरून बाहेर ओढते, तशी सहाव्या दांडीची खालची टोके फाकतात. सोडियम व कॅल्शियम आत शिरतात आणि चेता पेटते. आम्लाची जागा वेगळी, बाहेरच्या तोंडाशी असलेल्या ग्लुटामिक आम्ल ६०० व ६४८ची. म्हणूनच आंबट आणि तिखट एकमेकांच्या आड येत नाहीत, उलट भर घालतात. व्हिनेगरमध्ये वाटलेला गोव्याचा रेशाद मसाला झोंबतो तो यामुळेही. पक्ष्यांत खिशाची घडण निराळी, त्यामुळे त्यांना उष्णता कळते पण मिरची लागत नाही.

आत शिरलेले कॅल्शियमच पुढे वाहिनीला बधिर करते. चेतांच्या दुखण्यावरील ८ टक्के कॅप्सायसिनच्या पट्ट्यांमागे हा बधिरपणा एक कारण आहे. वाहिनी बंद पाडणारी काही औषधे मात्र चाचण्यांत अडली : रुग्णांच्या शरीराचे तापमान चढू लागले, कारण हीच वाहिनी ते आवरायलाही हातभार लावते.

कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मिरची वाटलेले हात नुसत्या पाण्याने धुतले तर तो बोटांवर राहतो आणि पुढे डोळ्यांत जातो. आधी खोबरेल चोळावे, मग साबण लावावा. तोंड भाजल्यावर नारळाच्या रसाची सोलकढी पाण्यापेक्षा बरी, त्यातला मेद तिखट उचलतो. फेणीचा घोट नको : अल्कोहोल या वाहिनीचा उघडण्याचा उंबरठा सुमारे ३४° से.पर्यंत खाली आणते, म्हणजे तोंडाची स्वतःची ऊबही चटका वाटू लागते.