दूरच्या वर्गाला आधी आवाज हवा

आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक यांनी देशभरच्या अभियांत्रिकी शिक्षकांसाठी दूरस्थ कार्यशाळा घेतल्या. व्याख्यान पवईत आणि ऐकणारे शेकडो किलोमीटरवरच्या केंद्रांत. त्यासाठी वापरलेली ए-व्ह्यू ही प्रणाली अमृता विद्यापीठात तयार झाली होती आणि ती इंटरनेटवर चालत असे. त्याआधी इस्रोने २००४ साली सोडलेल्या एज्युसॅट या उपग्रहावरूनही आयआयटी मुंबईने वर्ग प्रक्षेपित केले होते. उपग्रहाकडून इंटरनेटकडे येण्यात सर्वांत मोलाचा फायदा वेळेचा झाला, असं मला वाटतं.

भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली यायला संदेशाला जवळपास पाव सेकंद लागतो. विद्यार्थ्याने शंका विचारली आणि सरांनी लगेच उत्तर दिलं, तरी ते त्याच्या कानी पडेपर्यंत अर्धा सेकंद सरलेला असतो. समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी पाव सेकंदही लागत नाही. म्हणून अर्ध्या सेकंदाची शांतता आपल्याला खटकते. ‘आवाज पोचला नाही वाटतं’ म्हणून विद्यार्थी पुन्हा बोलू लागतो, तेवढ्यात उत्तर येतं, दोघंही थांबतात. असं दोनदा झालं की तिसरी शंका कुणी विचारत नाही. उलट इंटरनेटचे संदेश ज्यातून जातात त्या काचतंतूतून (ऑप्टिकल फायबर) प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तीन हजार किलोमीटरची तार धरली तरी १५ मिलिसेकंद पुरतात. संगणकांवरची प्रक्रिया त्यात भर घालते, पण एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर संवाद सहज चालतो.

चित्राचं ओझं मात्र प्रचंड. १२८० बाय ७२० बिंदूंची, सेकंदाला ३० चित्रं जशीच्या तशी पाठवायची तर सेकंदाला ६६ कोटींहून अधिक बिट लागतील. म्हणून एक चित्र पूर्ण पाठवून पुढच्या चित्रांतला फक्त बदल पाठवतात. त्यामुळे एक-दोन मेगाबिटांत काम भागतं. पण वाटेत या माहितीचा एखादा तुकडा हरवला, की त्यावर बेतलेली पुढची चित्रंही बिघडतात आणि फळ्यावर चौकोनी ठिगळं दिसतात. हरवलेला तुकडा पुन्हा मागवेपर्यंत व्याख्यान पुढे गेलेलं असतं, म्हणून बहुधा तो सोडूनच देतात.

आवाजाला ३० किलोबिट पुष्कळ झाले. त्याचे तुकडे साधारण २० मिलिसेकंदांचे असतात. एखादा गळाला तर ती फट आजूबाजूच्या आवाजावरून भरून काढता येते आणि कानाला कळतही नाही. जोडणी कमकुवत असेल तर सरांचा चेहरा बंद करावा, आवाज चालू ठेवावा. फळ्यावरचं गणित सेकंदाला पाचच चित्रांनी दाखवलं तरी चालतं, पण ती ठळक हवीत. पुसट झालेला घातांक विद्यार्थ्याला चुकीचं सूत्र शिकवतो.

तरीही महाविद्यालयं महागडे कॅमेरे आधी घेतात, याचं मला वाईट वाटतं. केंद्रातल्या स्पीकरमधून आलेला सरांचा आवाज तिथल्याच माइकमध्ये शिरतो आणि प्रतिध्वनी होऊन सगळ्या केंद्रांवर घुमतो. तो वजा करणारं सॉफ्टवेअर असतं, पण उघड्या भिंतींच्या घुमणाऱ्या खोलीत तेही कमी पडतं. जाड पडदे, स्पीकरपासून दूर ठेवलेले माइक आणि मागच्या बाकापर्यंत पोचणारा एक हातातला माइक, एवढी खरेदी कॅमेऱ्याच्या आधी व्हायला हवी.