ट्रे उघडला, पण वापरलं काय?
शस्त्रक्रिया विभाग, सीएसएसडी (अवजारं निर्जंतुक करणारा विभाग) आणि भांडार सांभाळणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

शस्त्रक्रिया आटोपल्यावर ट्रॉलीवर बरंच काही उरतं. धाग्याची फोडलेली पण हात न लागलेली पाकिटं, एखादा ट्रोकार (दुर्बीण किंवा अवजार पोटात घालण्यासाठीची टोकदार नळी), आणि सुरुवातीला लावली होती तशीच राहिलेली अवजारं. निर्जंतुक आवरण एकदा निघालं की वस्तू वापरली गेली की नाही, याला अर्थ उरत नाही. एकदाच वापरायची वस्तू कचऱ्यात जाते. अवजार मात्र धुणं, तपासणी, पॅकिंग आणि ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) या पूर्ण फेरीतून पुन्हा जातं.

ही उधळपट्टी रुग्णालयाच्या संगणकात दिसत नाही. भांडारातून काय निघालं ते तिथे असतं, बिलात काय लागलं तेही असतं. प्रत्यक्षात काय वापरलं, ते कुठेच नसतं. उघडून टाकून दिलेलं, टाके घालणाऱ्या स्टेपलरचं कार्ट्रिज आणि खरोखर चालवलेलं कार्ट्रिज या दोन्ही नोंदींत सारखीच दिसतात. आम्ही ही तिसरी नोंद तयार करून देतो.

प्रमाण किती असतं?

शिकागो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये चार शाखांच्या शस्त्रक्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. ट्रेमधल्या अवजारांपैकी प्रत्यक्ष वापर शाखेनुसार साधारण १३ ते २२ टक्के निघाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात न्यूरोसर्जरीच्या शस्त्रक्रियांमध्ये उघडून न वापरलेल्या साहित्याची किंमत मोजली, तेव्हा ती दर शस्त्रक्रियेमागे सरासरी ६५३ डॉलर, म्हणजे साहित्यखर्चाच्या सुमारे १३ टक्के भरली. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील. म्हणूनच आम्ही दुसऱ्यांच्या आकड्यांवरून यादी छाटत नाही.

नोंद कशी घ्यायची?

सुरुवात एक-दोन नेहमीच्या शस्त्रक्रियांपासून करा. सगळी ओटी (शस्त्रक्रियागृह) एकदम हातात घेतली की आठवड्याभरात कोणी फॉर्म भरत नाही. काउंट शीटवर (ट्रेमधल्या वस्तू मोजण्याच्या यादीवर) तीन रकाने वाढवायचे: उघडलं, वापरलं, न उघडता परत. ‘वापरलं’ म्हणजे काय, हे आधी ठरवून घ्या. हातात घेऊन लगेच खाली ठेवलेला फोर्सेप्स वापरात धरायचा का? आमच्या मते धरायचा. सर्जनने मागितला, एवढं पुरेसं आहे. खुणा शक्यतो स्क्रब नर्सने (सर्जनच्या हातात अवजारं देणाऱ्या नर्सने) करू नयेत, तिचं लक्ष शस्त्रक्रियेवर हवं. बाहेर फिरणारी नर्स किंवा आमचा माणूस ते काम करतो. रुग्णाचं नाव आम्हाला लागत नाही. शस्त्रक्रियेचा प्रकार आणि सर्जनसाठी ठरवलेला संकेतांक पुरतो.

एकदा वापरायच्या वस्तूंच्या पाकिटावरचा बारकोड स्कॅन केला तर लॉट क्रमांक आणि मुदतही मिळते. मुदत आधी संपणारा माल आधी बाहेर काढण्यासाठी याच माहितीचा उपयोग होतो.

शून्य म्हणजे ‘कधीच नाही’ नव्हे

इथे घाई होते, म्हणून थोडं सविस्तर. समजा, ३० शस्त्रक्रियांत एक क्लॅम्प (रक्तवाहिनी दाबून धरणारा चिमटा) एकदाही लागला नाही. तो काढून टाकायचा का? संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा ठोकताळा आहे: ३ ला निरीक्षणांच्या संख्येने भागा. ३० वेळा शून्य वापर दिसला, तरी खरा वापर दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. १०० वेळा शून्य दिसला, तर मर्यादा तीन टक्क्यांवर येते. तेव्हा निर्णय नुसत्या वारंवारतेवर घेता येत नाही. वस्तू लागली तर ती किती सेकंदांत हातात हवी, हा दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा.

रक्तवाहिनी अचानक फुटल्यावर लागणारा क्लॅम्प वर्षभर पडून राहिला तरी खोलीतच हवा. दुर्बिणीची शस्त्रक्रिया अर्ध्यावर पोट उघडून करावी लागली, तर लागणारा सेटही. अशी अवजारं मुख्य ट्रेमधून काढून वेगळ्या निर्जंतुक पाकिटात, हाताशी पण न उघडता ठेवायची. सर्जनची सही झाल्याशिवाय एकही अवजार यादीतून जात नाही. ही अट आमची आहे, आणि ती आम्ही सैल करत नाही.

काय हाती लागतं?

सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयात कण्याच्या कमी छेदाच्या शस्त्रक्रियेसाठी लागणारी अवजारं १९७ वरून ५८ वर आणली. मांडणीचा वेळही घटला. ट्रे हलका झाला की उचलणाऱ्याची पाठ वाचते, आणि आत ओल राहून पॅक नाकारला जाण्याची शक्यता कमी होते.

मात्र ट्रे लहान झाल्याने पैसे आपोआप वाचत नाहीत. ऑटोक्लेव्हच्या फेऱ्या तेवढ्याच राहिल्या तर वीज आणि पाणीही तेवढंच लागेल. मोकळी झालेली अवजारं एकत्र करून नवे सेट बांधले, ट्रेंची संख्या घटली, नवी खरेदी टळली, की मग हिशेबात फरक दिसतो. एकदा वापरायच्या वस्तूंचं तसं नाही. प्रेफरन्स कार्डवर (कोणत्या सर्जनला काय लागतं, त्या यादीवर) ‘उघडा’ आणि ‘जवळ ठेवा, मागितल्यावर उघडा’ अशा दोन याद्या केल्या की पहिल्या दिवसापासून बचत सुरू होते. तयार पॅकमधली नको असलेली वस्तू मात्र पुरवठादाराशी बोलूनच कमी करावी लागते.

सर्जनना आकडे दाखवणं नाजूक काम आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्याच एका प्रयोगात एका गटातल्या प्रत्येक सर्जनला आपला साहित्यखर्च इतरांच्या तुलनेत दर महिन्याला कळवला. त्या गटाचा खर्च सुमारे साडेसहा टक्क्यांनी उतरला, तर तुलनेच्या गटाचा सात टक्क्यांहून अधिक चढला. तिथे विभागासाठी आर्थिक प्रोत्साहनही होतं, हेही सांगायला हवं. आम्ही आकडे आधी ज्याचे त्यालाच दाखवतो. नावांचा तक्ता भिंतीवर लावायला सांगितलं तर नकार देतो, कारण मग नोंदी खऱ्या राहत नाहीत.

पहिल्या भेटीआधी निवडलेल्या शस्त्रक्रियेची सध्याची काउंट शीट, सर्व सर्जनची प्रेफरन्स कार्डं आणि गेल्या तीन महिन्यांतल्या साहित्याच्या मागण्या काढून ठेवा. कार्डं जुनी असली तरी आहेत तशीच द्या, आमच्यासाठी नीटनेटकी करू नका.